आउटलुकमध्ये स्वतः बनवलेला फॉर्म : मजकुराच्या चौकटी नीट कशा करायच्या?

मधुरा_भोसरी
नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी खरेदी विभाग बघते. नवीन पुरवठादाराची नोंद आणि कोटेशनची मागणी यासाठी आमच्याकडे आउटलुकमधला एक फॉर्म आहे, डेव्हलपर टॅबमधून ‘डिझाइन अ फॉर्म’ करून बनवलेला. बनवणारे कुलकर्णीकाका निवृत्त झाले आणि आता तो माझ्याकडे आलाय. फॉर्म कामाचा आहे. आलेली प्रत्येक नोंद एका सामायिक फोल्डरमध्ये पडते, कॉलम लावून बघता येते, पुरवठादाराच्या नावाने सापडते. त्यामुळे तो टाकून द्यायचा विचार नाही.

पण चौकट-चौकट बघायला गेलं की जीव नकोसा होतो. ‘तपशील’ या चौकटीत एंटर दाबलं की नवी ओळ येत नाही, कर्सर पुढच्या चौकटीत उडी मारतो. त्यातलं ‘तपासणी प्रमाणपत्र हवे’ एवढंच वाक्य ठळक करायचं असतं, तेही जमत नाही. पॅन आणि जीएसटी क्रमांक प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने भरतो : कुणी मध्ये जागा सोडतो, कुणी डॅश देतो, कुणी सगळं लहान लिपीत. रक्कम १२५०००० अशी सलग दिसते, शून्यं मोजत बसावं लागतं. आणि मराठी नाव टाकलं की वरची वेलांटी अर्धी कापली जाते.

मी प्रोग्रामर नाही, पण शिकायची तयारी आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टेस्टर_काका
एंटरचं सोपं आहे. फॉर्म डिझाइनमध्ये उघडा, त्या चौकटीवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘मल्टिलाइन’ची खूण करा. मग परत उजवं क्लिक करून ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीज’. तिथे ‘एंटरकीबिहेवियर’ नावाची ओळ आहे, ती ‘ट्रू’ करा. बरेच जण पहिली गोष्ट करतात आणि दुसरी राहते. दुसरी न करताही कंट्रोल-एंटरने नवी ओळ येते, पण ते कुणाकुणाला सांगत बसणार. त्याच यादीत ‘स्क्रोलबार्स’ आहे, तोही उभा लावून घ्या.

रानवारा
ठळक करायचं तर सगळं कॅपिटलमध्ये लिहायचं. आमच्या हापिसात असंच चालतं :)

मधुरा_भोसरी
@टेस्टर_काका, एंटरचं जमलं! मनापासून धन्यवाद.
@रानवारा, मराठीत कॅपिटल कुठून आणू?

रानवारा
हहपुवा. हा मुद्दा लक्षातच आला नाही.

अभय_सातपूर
मधुराताई, ठळक करण्याबद्दल आधी स्पष्ट सांगतो, म्हणजे शोधण्यात वेळ जायचा नाही. आउटलुक फॉर्मवरच्या साध्या टेक्स्टबॉक्सला एकच फॉन्ट, एकच रंग, एकच आकार असतो. ‘प्रॉपर्टीज’मधून फॉन्ट ठळक केलात तर सगळी चौकट ठळक होईल, तिच्यातलं एक वाक्य वेगळं करता येत नाही. मजकुराला हवं तसं सजवता येतं ते फक्त मेलच्या मुख्य मजकुरात, म्हणजे फॉर्मवरच्या ‘मेसेज’ या चौकटीत.

आता त्यामागचं कारण, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. ती चौकट म्हणजे खरा ऐवज नव्हे, ऐवज असतो तिच्यामागच्या फील्डमध्ये. चौकट ही त्या फील्डवरची नुसती खिडकी. ‘व्हॅल्यू’ टॅबवर चौकटीला फील्ड जोडलेलं नसेल तर भरलेलं काहीच साठवलं जात नाही, मेल पाठवला की गेलं. आणि ‘टेक्स्ट’ प्रकारच्या फील्डमध्ये नुसती अक्षरं साठतात, त्यांचा रंग किंवा जाडी साठवायला जागाच नाही.

म्हणून माझा आग्रह असा : फील्डमध्ये माहिती कच्ची आणि एकसारखी ठेवा. जागा नको, डॅश नको, स्वल्पविराम नको. सजावट दाखवताना करा. उद्या शोधायचं झालं, एक्सेलमध्ये न्यायचं झालं, दुसऱ्या प्रणालीत घालायचं झालं, तर कच्चा ऐवज कामाला येतो, सजवलेला येत नाही.

दीपकळी
थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. या फॉर्मवर आता आणखी मेहनत घ्यावी का, याचा आधी विचार व्हायला हवा. विंडोजसाठी जो ‘नवीन आउटलुक’ आलाय त्यात हे जुने कस्टम फॉर्म चालत नाहीत. ब्राउझरमधल्या आणि फोनवरच्या आउटलुकमध्ये तर ते कधीच चालत नव्हते, तिथे फक्त मुख्य मजकूर दिसतो. शिवाय या फॉर्ममागे लिहायची भाषा व्हीबीस्क्रिप्ट. विंडोजमधून ती टप्प्याटप्प्याने काढणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स किंवा गूगल फॉर्म्समध्ये हेच काम नीट होतं, उत्तरं थेट तक्त्यात पडतात. मधुराताई, तुमचा वेळ त्यात घाला.

अभय_सातपूर
दीपकळीताईंची माहिती बरोबर आहे, सल्ला मात्र अर्धाच पटला. जुनं क्लासिक आउटलुक अजून चालतंय आणि त्या फोल्डरमध्ये इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत. उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं तर त्या न्याव्या लागतीलच. आज प्रत्येक पॅन वेगळ्या तऱ्हेने भरलेला असेल तर ते नेणं किती त्रासाचं होईल? चौकटी आत्ता शिस्तीत आणणं म्हणजे जायचीच तयारी.

दीपकळी
हे मान्य. तयारी म्हणून करत असाल तर माझी हरकत नाही. नवीन फॉर्म कुणी आज शून्यापासून बनवत असेल तर मात्र यात पडू नये, यावर मी ठाम आहे.

मधुरा_भोसरी
दोघांचंही पटलं. निदान हे वर्ष तरी हाच फॉर्म चालवायचा आहे, साहेबांनी तसं सांगितलंय. पुढे जाऊ या.

न्यूजर्सीकर
रक्कम हा विषय निघालाय म्हणून सांगतो. आमच्याकडे खर्चमंजुरीचा असाच फॉर्म होता. पुण्याच्या ऑफिसातल्या मुलाने साडेचार लाखांची मागणी भरली, फील्डचा प्रकार होता ‘करन्सी’. इथे साहेबांनी मेल उघडला तर आकडा तोच, पुढे चिन्ह डॉलरचं. साहेब खुर्चीतून उठलेच. साडेचार लाख डॉलर कशासाठी म्हणून पुण्याला फोन.

कारण असं की करन्सी फील्डमध्ये फक्त आकडा साठतो. चिन्ह त्या त्या संगणकाच्या विंडोजमधल्या रीजन सेटिंगवरून लावलं जातं. भारतात रुपया दिसतो, इथे डॉलर. एकाच ऑफिसात सगळे असतील तर कळणारही नाही, समुद्र ओलांडला की घोळ. तेव्हा रकमेसाठी ‘नंबर’ फील्ड ठेवा आणि चलन वेगळ्या चौकटीत लिहा : रुपये, डॉलर, जे असेल ते.

टेस्टर_काका
+१. तारखेचंही असंच, फक्त उलट्या बाजूने. तारीख जर ‘डेट/टाइम’ फील्डमध्ये असेल तर प्रत्येकाला आपापल्या पद्धतीने दिसते आणि तारीख तीच राहते. पण तारीख साध्या टेक्स्ट चौकटीत ०३/०४ अशी लिहिली तर तुम्ही तीन एप्रिल समजणार आणि न्यूजर्सीकर चार मार्च. डिलिव्हरीची तारीख कधीही टेक्स्टमध्ये घेऊ नका.

आणि एक गंमत. आउटलुकमध्ये तारखेची चौकट रिकामी सोडली तर ती आत रिकामी नसते, १ जानेवारी ४५०१ अशी साठते. फॉर्मवर ‘नन’ (None, म्हणजे काही नाही) दिसतं. पण स्क्रिप्टमधून ती तारीख वाचून मेलमध्ये घातलीत तर पुरवठादाराला अडीच हजार वर्षांची मुदत मिळते. आधी तपासून मगच वापरा.

रानवारा
आमच्या बिल्डरलाही हीच तारीख दिली असावी :)

पोस्टातले_आबा
मी टपाल खात्यातून निवृत्त. संगणकातलं फार कळत नाही, पण पत्ता कसा लिहावा यावर आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. तुमच्या फॉर्मवर पिनकोडसाठी वेगळी चौकट आहे का? पत्त्यातच लिहायला सांगत असाल तर ती वेगळी करा.

पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, आपल्या कोकणातला माणूस आणि संस्कृतचे मोठे कवी. सहा अंकांतला पहिला विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा ४. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन म्हणजे टपाल कार्यालय. म्हणून आम्ही ४११ ०२६ असं मध्ये जागा सोडून लिहायचो. डोळ्याला दोन तुकडे चटकन कळतात आणि थैली चुकत नाही. तुम्ही लोक सलग लिहिता, ते वाचायला त्रासाचं होतं.

अभय_सातपूर
आबा, नमस्कार. वेलणकरांबद्दल माहीत नव्हतं, फार आनंद झाला वाचून.

तुम्ही सांगितलेली जागा योग्यच आहे, पण ती दाखवताना. साठवताना सहा अंक सलग. आणि फील्डचा प्रकार ‘टेक्स्ट’, ‘नंबर’ नव्हे. नंबर केला तर पिनच्या मध्ये स्वल्पविराम येऊ शकतो.

चिंचेची_पानं
एक शंका. पिन शून्याने सुरू होतच नाही. मग नंबर ठेवून, स्वल्पविराम नसलेला फॉरमॅट निवडला तर काय बिघडलं? निदान कुणी अक्षरं तरी भरणार नाही.

न्यूजर्सीकर
आमचे झिप कोड शून्याने सुरू होतात, न्यूजर्सीत सगळे ०७ किंवा ०८. नंबर फील्डमध्ये पुढचा शून्य गळतो आणि पाचाऐवजी चार अंक उरतात. मधुराताईंना उद्या परदेशी पुरवठादार मिळाला तर?

अभय_सातपूर
@चिंचेची_पानं, मी एक साधी कसोटी लावतो. या आकड्यांची कधी बेरीज करणार आहोत का? रकमेची करतो, नगांची करतो. पिनची, मोबाइलची, बँक खात्याची कधीच नाही. ज्यांची बेरीज करायची नाही ते सगळं टेक्स्ट. एचएसएन कोडचंच, म्हणजे करासाठी मालाला दिलेल्या क्रमांकाचंच बघा, चहाचा ०९०२. नंबर ठेवला की ९०२ होतो आणि कर विभागाला वेगळाच माल दिसतो. बँक खात्याचे क्रमांकही शून्याने सुरू होऊ शकतात, तिथे तर पैशांचाच प्रश्न. अक्षरं भरू न देण्याची काळजी वेगळी घ्यायची, ‘व्हॅलिडेशन’ टॅबवर.

चिंचेची_पानं
बेरजेची कसोटी आवडली. लक्षात ठेवीन.

बोरकर_म्हापसा
मी सीए, गोव्यात प्रॅक्टिस. जीएसटी क्रमांक आणि पॅन या दोन चौकटी तुम्ही वेगवेगळ्या भरून घेता का? घेत असाल तर एक काम कमी करता येईल.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा कंपनीचा पॅन, जसाच्या तसा. तेरावं त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं सहसा इंग्रजी ‘झेड’, शेवटचं पडताळणीचं. म्हणजे जीएसटी क्रमांक आला की पॅनची चौकट आपोआप भरता येते, मधली दहा अक्षरं उचलायची. दोन चौकटींत दोन वेगळे पॅन येण्याचा धोकाच उरत नाही. आमच्याकडे वर्षअखेरीला निम्मी डोकेदुखी याचीच असते.

पॅनची रचना पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं : व्यक्तीला ‘पी’, कंपनीला ‘सी’, भागीदारी फर्मला ‘एफ’. कुणी प्रायव्हेट लिमिटेड म्हणून नोंद करत असेल आणि चौथं अक्षर ‘पी’ असेल, तर त्याने मालकाचा पॅन दिलाय. फोन करून विचारा.

एक मात्र करू नका. जीएसटीची चौकट सक्तीची ठेवू नका. लहान पुरवठादाराकडे नोंदणी नसते, आणि सक्ती केली की लोक पंधरा शून्यं टाकून पुढे जातात.

मधुरा_भोसरी
बोरकरसाहेब, आमच्या फोल्डरमध्ये अशी पंधरा शून्यं खरोखर आहेत! आता कळलं का ते. सक्ती आजच काढते.

@अभय_सातपूर, हे ‘आपोआप भरणं’ आणि लहान लिपीची मोठी करणं कुठे करायचं? मी ‘व्ह्यू कोड’ उघडलं, कोरी खिडकी आली.

अभय_सातपूर
त्या कोऱ्या खिडकीतच. शब्दांत सांगतो, कोड निरोपातून पाठवतो.

आउटलुकच्या फॉर्मवर टेक्स्टबॉक्सला ‘कळ दाबली’, ‘चौकट सोडली’ असे इव्हेंट मिळत नाहीत, तेव्हा अक्षर टाइप होता होता दुरुस्ती करण्याचा नाद सोडा. तसंही ते लोकांना आवडत नाही, टाइप करताना कर्सर इकडेतिकडे उडतो. मिळतो तो ‘कस्टमप्रॉपर्टीचेंज’. आपण बनवलेल्या फील्डची किंमत बदलली की तो चालतो, म्हणजे चौकट भरून माणूस पुढे गेला की. बदललेल्या फील्डचं नाव तो देतो. विषय, टू यांसारख्या मूळच्या फील्डसाठी वेगळा ‘प्रॉपर्टीचेंज’ आहे. या दोघांची गल्लत झाली की कोड चालतच नाही आणि का चालत नाही ते कळत नाही.

जीएसटीचं फील्ड बदललं की : आधी जागा आणि डॅश काढायचे, मग ‘यूकेस’ने मोठी लिपी, मग लांबी पंधरा आहे का बघायचं, असेल तर मधली दहा अक्षरं पॅनमध्ये. पण फील्डमध्ये परत लिहिण्याआधी एक अट घाला : नवी किंमत जुनीपेक्षा वेगळी असेल तरच लिही. नाहीतर तुम्ही लिहिलेल्या बदलामुळे तोच इव्हेंट पुन्हा चालतो, तो पुन्हा लिहितो, आणि फॉर्म घुटमळत राहतो.

आयएफएससी कोड घेत असाल तर त्यातही एक सोय करता येते. तो ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकतात. पाचव्या जागी ‘ओ’ दिसला की शून्य करून टाका, बिनधोक आहे.

लाखांच्या स्वल्पविरामाबद्दल : व्हीबीस्क्रिप्टमध्ये ‘फॉरमॅटनंबर’ आहे, पण तो त्या त्या संगणकाच्या सेटिंगकडे बघतो. सगळीकडे एकसारखं १२,५०,००० हवं असेल तर छोटं फंक्शन स्वतः लिहा. उजवीकडून तीन अंक तोडा, मग दोन-दोन तोडत जा, मध्ये स्वल्पविराम. हा मजकूर वेगळ्या, फक्त वाचायच्या चौकटीत दाखवा. मूळ रक्कम नंबर फील्डमध्ये तशीच राहू द्या, बेरीज तिच्यावर होईल.

अक्षरवेल
वेलांटी कापली जाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मराठी चौकटीत नीट दिसावी एवढी साधी अपेक्षाही आपण सोडून दिलीय.

फॉर्मवरच्या चौकटी टाहोमा आठ पॉइंट गृहीत धरून बनतात, उंची इंग्रजीपुरती. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार यांना जागा लागते. ‘प्रॉपर्टीज’मध्ये फॉन्ट निर्मला यूआय करा (विंडोज ८ पासून असतो, जुन्या संगणकावर मंगल), आकार दहा-अकरा ठेवा आणि चौकटीची उंची निदान दीडपट करा. ‘कीर्ती’, ‘हृषीकेश’, ‘सुहृद’ हे शब्द टाकून बघा. हे दिसले तर बाकी सगळं दिसेल.

दुसरं, ‘मॅक्सलेंथ’. नावाच्या चौकटीला कुलकर्णीकाकांनी मर्यादा घातली असेल तर तपासा. संगणक जोडाक्षर एक धरत नाही. ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र, वेलांटी असे चार. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरं वाटतात, संगणकाला दहा. इंग्रजी नाव बघून वीसची मर्यादा घातली तर मराठी नाव-आडनाव मध्येच तुटतं, कधी नुसता हलन्त लोंबत राहतो. पॅन-जीएसटीला मर्यादा घाला, माणसांच्या नावाला सढळ हाताने जागा द्या.

तिसरं, जुन्या फॉन्टमधला मजकूर. काही पुरवठादार श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला पत्ता चिकटवतात. वर्डमध्ये तो मराठी दिसतो, कारण तिथे फॉन्ट सोबत असतो. आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि खुणाच असतात. साध्या टेक्स्ट चौकटीत फॉन्ट येत नाही, म्हणून उघडी पडतात. चौकटीचा काही दोष नाही. युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच उपाय.

टेस्टर_काका
अक्षरवेल, उत्तम प्रतिसाद. हृषीकेशची चाचणी मी यापुढे सगळीकडे लावणार.

मधुरा_भोसरी
अक्षरवेलताई, तुम्ही सांगितलं तसं केलं, मराठी नावं सुरेख दिसायला लागली. पण एक विचित्र झालंय. मी फॉर्म उघडते तेव्हा नवी मोठी चौकट दिसते. साहेबांना आलेला मेल उघडला की जुनीच लहान चौकट. आणि स्टोअरच्या संगणकावर जीएसटीची दुरुस्ती चालतच नाही, माझ्याकडे चालते.

टेस्टर_काका
पहिल्याचं उत्तर : फॉर्मच्या प्रत्येक पानाला दोन रूपं असू शकतात, लिहिणाऱ्यासाठी वेगळं आणि वाचणाऱ्यासाठी वेगळं. ‘सेपरेट रीड लेआउट’ चालू असेल तर ‘एडिट कंपोझ पेज’ आणि ‘एडिट रीड पेज’ अशी दोन बटणं दिसतील. तुम्ही पहिल्यात बदल केला, दुसरं तसंच राहिलं. सगळ्या चौकटी निवडून कॉपी करा, रीड पेजवरच्या जुन्या काढा, नव्या चिकटवा. मग त्याच नावाने पुन्हा पब्लिश करा. तरीही कुणाला जुनंच दिसलं तर त्यांच्या आउटलुकमध्ये फॉर्मची साठवलेली जुनी प्रत आहे. ऑप्शन्समधून फॉर्म मॅनेजरपर्यंत गेलात की ‘क्लिअर कॅश’ सापडेल.

अभय_सातपूर
दुसऱ्याचं उत्तर : सप्टेंबर २०१७ च्या सुरक्षा अपडेटपासून कस्टम फॉर्ममागची स्क्रिप्ट आउटलुकमध्ये मुळातच बंद ठेवलेली असते. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, ती परवानगी द्यावी लागते आणि तुमच्या फॉर्मचं नाव विश्वासाच्या यादीत घालावं लागतं. तुमच्या संगणकावर ते आधीच केलेलं असणार. स्टोअरच्या संगणकासाठी आयटीवाल्यांना सांगा, स्वतः रजिस्ट्रीत हात घालू नका. आणि फॉर्म नीट पब्लिश केलेला हवा. फॉर्मची व्याख्या मेलसोबत चिकटवून पाठवली तर स्क्रिप्ट चालत नाही.

दीपकळी
बघा, प्रत्येक संगणकावर परवानगी मागत फिरायचं. मी म्हणत होते ते हेच. पण बाण सुटलाच आहे तर एक भर घालते. फॉर्मबाहेरच्या माणसाचं काय? पुरवठादार जीमेलवर बघणार, साहेब फोनवर. त्यांना या चौकटी दिसतच नाहीत. आउटलुकच्याच प्रीव्ह्यूमध्येसुद्धा फॉर्म दिसत नाही, मुख्य मजकूर दिसतो. मग एवढ्या सुंदर चौकटी कुणासाठी?

अभय_सातपूर
अगदी नेमका प्रश्न. याच्या उत्तरात मधुराताईंच्या ठळक वाक्याचंही उत्तर आहे.

चौकटींमधून माहिती गोळा करायची आणि मेल पाठवायच्या क्षणी, म्हणजे ‘आयटम सेंड’मध्ये, त्या माहितीचा तक्ता तयार करून ‘एचटीएमएलबॉडी’त, म्हणजे मेलच्या मुख्य मजकुरात घालायचा. डावीकडे नाव, उजवीकडे माहिती. पिन आबांच्या पद्धतीने तीन-तीन, रक्कम लाखांच्या स्वल्पविरामाने आणि पुढे रुपयाचं चिन्ह. तपासणी प्रमाणपत्रासाठी तपशिलात वाक्य लिहायला सांगूच नका, एक चेकबॉक्स द्या. खूण असेल तर तक्त्यात ते वाक्य ठळक अक्षरांत घाला. दर वेळी शब्दन्‌शब्द तोच, आणि कुणी विसरणार नाही. हा तक्ता जीमेलवर, फोनवर, प्रीव्ह्यूत सगळीकडे दिसतो.

तीन गोष्टी सांभाळा. रंग-रेषा प्रत्येक कप्प्यावर तिथल्या तिथे लिहा, वरच्या वेगळ्या स्टाइलवर भिस्त ठेवू नका. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक मेल दाखवायला २००७ पासून वर्डचं इंजिन वापरतं, त्यामुळे साधा तक्ताच सगळ्यांत खात्रीचा. रुपयाचं चिन्ह थेट कोडमध्ये टाइप करू नका, प्रश्नचिन्ह होण्याचा धोका असतो. ‘सीएचआरडब्ल्यू’ (ChrW) या फंक्शनला ८३७७ हा आकडा द्या, चिन्ह मिळतं. आणि त्याच ‘आयटम सेंड’मध्ये शेवटची तपासणी करून घ्या. पॅनची लांबी चुकली असेल तर ‘फॉल्स’ परत द्या, मेल थांबतो. थांबवताना नेमकं काय चुकलं ते मराठीत सांगा, पण तो संदेश ‘व्हॅलिडेशन’ टॅबवर लिहा, कोडमध्ये नको.

दीपकळी
हे आवडलं. उद्या फॉर्म बदलला तरी तक्त्याचा साचा तोच राहील.

पोस्टातले_आबा
पिन तीन-तीन असा दिसणार हे वाचून बरं वाटलं. मधुराताई, पत्त्याच्या चौकटीत गाव, तालुका, जिल्हा वेगळ्या ओळींवर येऊ द्या. एकाच नावाची किती गावं आहेत आपल्याकडे.

मधुरा_भोसरी
आबा, तेच सांगायला आले. तक्ता जमला! साहेबांनी फोनवर बघितला आणि हाच साचा विक्री विभागालाही द्या म्हणाले. चेकबॉक्सची कल्पना तर फारच उपयोगी.

पण पत्ता मी तीन ओळींत भरला, फॉर्मवर तीन ओळी दिसतात, आणि मेलच्या तक्त्यात सगळा एका ओळीत सलग. आबांना चालणार नाही :)

बोरकर_म्हापसा
हे मलाही हवंय, वाट बघतो.

अभय_सातपूर
चौकटीतली नवी ओळ ही एक न दिसणारी खूण असते, ‘व्हीबीसीआरएलएफ’. एचटीएमएल तिला साध्या जागेइतकीच किंमत देतं. तक्त्यात घालण्याआधी ‘रिप्लेस’ने ती खूण काढून तिथे ‘बीआर’ टॅग घाला. क्रम मात्र महत्त्वाचा. आधी मजकुरातल्या ‘अँड’च्या (&) आणि ‘लेस दॅन’च्या (<) खुणा एचटीएमएलच्या पद्धतीने बदलून घ्या, त्यातही अँड पहिला. मग नवी ओळ. उलट केलंत तर तुमचा ‘बीआर’च मजकूर म्हणून छापला जाईल. आणि अजिबात केलं नाहीत तर कुणी ‘लेस दॅन’ची खूण देऊन लगेच इंग्रजी अक्षराने बोल्टचा आकार लिहिला की तिथून पुढचा मजकूर तक्त्यातून गायब होतो.

मधुरा_भोसरी
झालं. तीन ओळी आल्या. बोरकरसाहेब, तुम्हालाही कोड निरोपातून पाठवते.

टेस्टर_काका
विक्री विभागाला देण्याआधी एक बघा. नव्या चौकटी घातल्यात म्हणून टॅबचा क्रम बिघडला असणार, नवी चौकट नेहमी शेवटी जाते. पानावर रिकाम्या जागी उजवं क्लिक करून ‘टॅब ऑर्डर’मध्ये पत्ता, पिन, जीएसटी, पॅन असा क्रम लावा. रीड पेजवर कुणी टाइप करत नाही, तिथे नाही लावलात तरी चालेल.